पीएमपी पास झालात, आता पीडीयूंचं काय? ६० तासांचा हिशोब आणि त्यातली खरी मेख

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या जगात सध्या एकच चर्चा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘पीएमबॉक गाइड’ची आठवी आवृत्ती आली, आणि पाठोपाठ पीएमपीची परीक्षा जुलै २०२६ पासून नव्या आराखड्यावर घ्यायचं जाहीर झालं. लगेच तयारी करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्नांचा पाऊस पडला. जुन्या पॅटर्नने उरकून टाकू का? नवीन पुस्तक घ्यावं लागेल का? क्लासची फी वाया जाणार का?

या गडबडीत एका गटाकडे कुणाचं लक्षच नाही. तो गट म्हणजे आधीच पास झालेले. त्यांना वाटतं, आपण सुटलो. एका अर्थी ते खरंही आहे, कारण परीक्षा कितीही बदलली तरी त्यांना ती पुन्हा द्यावी लागत नाही. त्यांना फक्त दर तीन वर्षांनी ६० पीडीयू दाखवायचे असतात.

पण हे ‘फक्त’ जरा फसवं आहे. नियम सोपा आहे, खर्चही कमी करता येतो, तरी त्यात एक मेख आहे. ती काय, आणि तुमच्या नोकरीशी तिचा काय संबंध, ते आज बघूया.

आधी थोडक्यात ओळख

पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. हे सर्टिफिकेट देते अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, म्हणजेच पीएमआय. संस्था १९६९ सालची आणि पीएमपी १९८४ पासूनचं. आयटी, बांधकाम, बँकिंग, फार्मा अशा सगळ्याच क्षेत्रांत ते चालतं. चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवल्यावरच परीक्षेला बसता येतं. म्हणजे हे काही वीकेंडला बसून मिळणारं सर्टिफिकेट नाही.

पास झालात की त्या दिवसापासून तीन वर्षांचं घड्याळ सुरू होतं. या तीन वर्षांत ६० पीडीयू जमवायचे. पीडीयू म्हणजे प्रोफेशनल डेव्हलपमेंट युनिट. एक तास शिकलात किंवा शिकवलंत की एक पीडीयू. पंधरा मिनिटांचे पाव पीडीयूसुद्धा धरले जातात.

आकडा मोठा वाटतो ना? भागाकार करून बघा. ६० तास भागिले १५६ आठवडे म्हणजे आठवड्याला साधारण २३ मिनिटं. एवढा वेळ तर आपण रात्री झोपण्याआधी रील्स बघण्यात घालवतो. तरी लोक अडकतात, कारण पहिली दोन वर्षं कुणालाच घाई नसते आणि मग शेवटच्या महिन्यात सगळा डोंगर एकदम समोर येतो.

६० चे भाग कसे पडतात?

इथे नीट लक्ष द्या. कुठलेही ६० तास चालत नाहीत.

पहिला भाग शिक्षणाचा. यात कमीत कमी ३५ पीडीयू हवेत. जास्तीला मर्यादा नाही, हवं तर सगळे ६० शिक्षणातूनच जमवा. यात कोर्स आणि क्लास येतात, वेबिनार येतात, चॅप्टरच्या बैठका येतात, स्वतः वाचलेली पुस्तकं आणि लेख येतात, आणि ऑफिसात कुणा अनुभवी माणसाबरोबर ठरवून केलेली चर्चाही येते. अट एकच, की विषय या पेशाशी संबंधित हवा.

हे ३५ पीडीयू पुन्हा तीन खणांत वाटायचे असतात. पीएमआय याला ‘टॅलेंट ट्रँगल’ म्हणते. २०२२ मध्ये या खणांची नावं बदलली. आता ती अशी आहेत:

पहिला खण ‘वेज ऑफ वर्किंग’. म्हणजे कामाच्या पद्धती: वेळापत्रक, जोखीम, ॲजाइल, हायब्रिड वगैरे.

दुसरा खण ‘पॉवर स्किल्स’. म्हणजे माणसं सांभाळणं: संवाद, टीममधले वाद, नेतृत्व.

तिसरा खण ‘बिझनेस ॲक्युमन’. म्हणजे धंद्याची समज: हा प्रोजेक्ट कंपनी का करतेय, पैसा कुठून येतो, बाजारात आणि कायद्यात काय बदलतंय.

प्रत्येक खणात कमीत कमी ८ पीडीयू हवेतच. तीन आठे चोवीस. उरलेले ११ तुमच्या मर्जीने कुठेही टाका. हा ११ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा भाग ‘गिव्हिंग बॅक’, म्हणजे पेशाला परत देणं. यातून जास्तीत जास्त २५ पीडीयू धरले जातात. तुम्ही प्रोजेक्टवर नोकरी करताय, एवढ्याचेही जास्तीत जास्त ८ मिळतात. बाकीचे कुणाला शिकवून, प्रेझेंटेशन देऊन, लेख किंवा व्हिडिओ तयार करून, किंवा स्वयंसेवक म्हणून काम करून मिळवता येतात. पीएमआयचे चॅप्टर मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तिथल्या कार्यक्रमांना गेलात तर शिक्षणाचे पीडीयू मिळतात, आणि कार्यक्रम उभा करायला मदत केलीत तर परत देण्याचे.

म्हणजे नोकरीचे ८ धरले तर प्रत्यक्षात जमवायचे उरतात ५२.

पैसे किती लागतात?

इथे दोन वेगळे खर्च आहेत आणि लोक ते एकात एक मिसळतात.

एक, रिन्यूअलची फी. पीएमआयचे सभासद असाल तर ६० डॉलर आणि नसाल तर १५० डॉलर, असा हा दर बरीच वर्षं चालत आलाय. फरक ९० डॉलरचा. पण सभासदत्वाची फी दरवर्षी भरावी लागते, म्हणजे एका रिन्यूअलमागे तीनदा. त्यामुळे फक्त हे ९० डॉलर वाचवायला सभासद होणार असाल, तर आधी कॅल्क्युलेटर काढा. सभासदांना मिळणारे वेबिनार, पुस्तकं, चॅप्टरमधल्या ओळखी हे सगळं खरंच वापरणार असाल तरच तो सौदा परवडतो. पैसे भरण्याआधी तुमच्या खात्यात त्या दिवशी कोणता आकडा दिसतोय तेही बघा.

दोन, पीडीयू जमवण्याचा खर्च. हा जवळजवळ शून्यावर आणता येतो. पुस्तक वाचायला फी नाही. ऑफिसातल्या ट्रेनिंगचे पैसे कंपनी देते, आणि विषय बसत असेल तर ते तास धरले जातात. पीएमआयने २०२३ मध्ये प्रोजेक्ट मॅनेजरसाठी जनरेटिव्ह एआयची ओळख करून देणारा मोफत कोर्सही आणला. चांगले पॉडकास्ट आणि रेकॉर्ड केलेली व्याख्यानं तर भरपूर आहेत.

मग ‘६० पीडीयू एकाच पॅकेजमध्ये, घरबसल्या’ अशा जाहिराती कुणासाठी असतात? शेवटच्या महिन्यात जागे झालेल्यांसाठी. त्यातले काही कोर्स चांगलेही असतात. पण तिथे तुम्ही शिकण्याइतकेच घाईचेही पैसे मोजता.

आता मेख

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पण जरा विचार करा, पीडीयू नेमकं काय मोजतो? वेळ. तुम्ही किती तास दिलेत हे मोजतो. त्यातून काय शिकलात, हे नाही.

रात्री फोन चार्जिंगला लावून, आवाज बंद करून व्हिडिओ चालू ठेवला तरी तास भरतो. टॅब उघडा ठेवून दुसरं काम केलं तरी भरतो. आता तर एआयकडून पुस्तकाचा सारांश काढून ‘वाचलं’ म्हणून नोंद करणंही सोपं झालंय. नोंद करताना तुम्हीच लिहायचं की अमुक दिवशी अमुक तास हे केलं. बहुतेक वेळा ते मंजूर होतं.

सगळेच असं करतात का? दुसरीकडे काय चालतं ते बघूया.

मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअरसारखी कामाच्या भूमिकेवर आधारलेली सर्टिफिकेट एक वर्ष टिकतात. ती रिन्यू करायला फी नाही. पण ऑनलाइन एक छोटी चाचणी पास व्हावी लागते. पुस्तक उघडून दिली तरी चालते, पण उत्तरं बरोबर यावी लागतात. तिथे तास मोजत नाहीत, ज्ञान तपासतात.

स्क्रम अलायन्सच्या सीएसएमला दर दोन वर्षांनी २० एसईयू, म्हणजे पुन्हा तासच, आणि १०० डॉलर लागतात. उलट स्क्रम डॉट ऑर्गचं पीएसएम एकदा मिळालं की कधीच संपत नाही. ना तास, ना फी.

म्हणजे तीन वाटा आहेत: पुन्हा तपासा, तास मोजा, किंवा काहीच विचारू नका. पीएमआयने मधली निवडली. तिची बाजूही समजून घ्यायला हवी. प्रोजेक्ट चालवणं हे काही सॉफ्टवेअरची बटणं लक्षात ठेवण्यासारखं नसतं. नाराज ग्राहकाशी कसं बोलावं हे वीस प्रश्नांच्या चाचणीत तपासता येत नाही. पूल बांधणारा आणि ॲप बनवणारा दोघांनाही एकच चाचणी लावणं अवघड. तास मोजण्यात निदान प्रत्येकाला आपल्या कामाचं काहीतरी शिकण्याची मोकळीक आहे.

पण मोकळीक दिली की जबाबदारीही आपल्याकडेच येते. पीएमआयच्या आचारसंहितेत चार मूल्यं आहेत: जबाबदारी, आदर, न्याय्यपणा आणि प्रामाणिकपणा. पीएमपी घेणारा प्रत्येकजण ती मान्य करतो. न केलेल्या तासाची नोंद म्हणजे त्याच सर्टिफिकेटच्या पायाखाली सुरुंग लावणं.

‘कोण तपासतंय?’ म्हणाल तर

पीएमआय काही नोंदी ऑडिटसाठी निवडते. तुमचा नंबर लागला तर पुरावे द्यावे लागतात: कोर्सचं प्रमाणपत्र, वेबिनारची नोंदणी, वाचनाच्या तारखा आणि टिपणं, स्वयंसेवक म्हणून काम केल्याचं पत्र. म्हणून तीन वर्षांचं चक्र संपल्यावरही किमान १८ महिने कागद जपून ठेवायचे असतात.

यासाठी फोन पुरतो. ड्राइव्हवर ‘पीडीयू’ नावाचा एक फोल्डर करा. काहीही शिकलात की त्याच दिवशी सर्टिफिकेटचा किंवा स्क्रीनचा फोटो आणि पाच ओळींची नोंद त्यात टाका: तारीख, किती वेळ, कोणता खण, काय नवीन कळलं, कामात कुठे वापरेन. मग पीएमआयच्या साइटवर लगेच नोंदही करून टाका. तीन वर्षांनी आठवायला बसलात तर एकही तारीख आठवणार नाही.

चुकलं तर काय होतं?

तीन वर्षं संपली आणि ६० भरले नाहीत, की सर्टिफिकेट सस्पेंड होतं. त्या काळात नावापुढे पीएमपी लावता येत नाही. लिंक्डइनवर नाही, सीव्हीवर नाही, ईमेलच्या सहीतही नाही. राहिलेले पीडीयू भरून फी द्यायला एक वर्ष मिळतं. पण पुढच्या चक्राची तारीख सरकत नाही. पूर्ण वर्ष उशीर केलात तर पुढच्या ६० साठी तुमच्याकडे दोनच वर्षं उरतात. म्हणजे उधारी फेडली तरी व्याज चालूच.

ते वर्षही गेलं तर सर्टिफिकेट संपलं. पुन्हा हवं असेल तर पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा परीक्षा, आणि तीही तेव्हा चालू असलेल्या आराखड्याची. जुन्या पॅटर्नने पास झालेल्याला थेट नव्या पेपरला बसावं लागेल.

‘कंपनीला काय कळतंय’ यावर विसंबू नका. पीएमआयच्या साइटवर कुणाचंही सर्टिफिकेट चालू आहे की नाही ते शोधता येतं. नोकरी बदलताना एचआरने दोन मिनिटं दिली तरी पुरतात.

दिलाशाची एक गोष्ट. ६० पेक्षा जास्त झाले तर शेवटच्या वर्षात मिळवलेल्यांपैकी जास्तीत जास्त २० पीडीयू पुढच्या चक्रात नेता येतात. म्हणजे तिसऱ्या वर्षी उत्साह आला तर तो वाया जात नाही. मात्र परीक्षेआधी केलेले ३५ तास यात धरले जात नाहीत. तो हिशोब तेव्हाच संपला.

परीक्षा बदलली, मग माझं काय?

आता सुरुवातीच्या मुद्द्यावर येऊ. जानेवारी २०२१ पासूनच्या परीक्षेत तीन विभाग होते: माणसं ४२ टक्के, प्रक्रिया ५० टक्के आणि ‘बिझनेस एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे धंद्याचं वातावरण, अवघे ८ टक्के. नव्या आराखड्यात माणसं ३३, प्रक्रिया ४१, आणि धंद्याचं वातावरण थेट २६ टक्के. एआय आणि शाश्वतता हे विषयही आत आलेत.

याचा सरळ अर्थ काय? वेळापत्रक बनवणं, रिपोर्ट लिहिणं, मीटिंगची टिपणं काढणं या गोष्टी आता सॉफ्टवेअर बऱ्यापैकी करू लागलंय. ‘हा प्रोजेक्ट मुळात करावा का’ हे विचारणारा माणूस हवाय. पीएमआयने पेपरच्या टक्केवारीतून हेच सांगितलंय.

आता आपला हिशोब लावा. २०२२ मध्ये पास झालेल्या एखाद्याचा विचार करू. त्याच्या पेपरात धंद्याच्या विषयाला ८ टक्के होते. त्याने रिन्यूअलसाठी बिझनेस ॲक्युमनचे किमान ८ पीडीयूच केले, तर ते ६० मधले साधारण १३ टक्के झाले. त्याच्याच शेजारी बसणारा नवा पीएमपी २६ टक्क्यांचा पेपर देऊन आलेला असेल. दोघांच्या सर्टिफिकेटवर अक्षरं तीच, पण तयारी वेगळी. टॅलेंट ट्रँगलचा खण आणि परीक्षेचा विभाग तंतोतंत एक नाहीत हे खरं, पण दिशा एकच आहे.

म्हणजे जुन्या पीएमपीला नव्या पेपरच्या जवळ नेणारा एकच पूल आहे, तो म्हणजे हे ६० तास. परीक्षा त्याला कुणी द्यायला लावणार नाही. तास कुठे घालवले हेही खोलात जाऊन कुणी विचारणार नाही. पण पुढच्या इंटरव्ह्यूत ‘तुमच्या प्रोजेक्टमुळे कंपनीला काय फायदा झाला, आकड्यात सांगा’ असं विचारलं की फरक तिथे दिसेल.

आता ते मर्जीचे ११ आठवा. ते सगळे बिझनेस ॲक्युमनमध्ये टाकलेत तर ८ अधिक ११ म्हणजे १९ होतात. ६० मधले जवळपास ३२ टक्के. एक रुपया जास्त नाही, एक तास जास्त नाही. फक्त खण बदलला.

सोपा आराखडा

ज्यांना लगेच सुरू करायचंय त्यांच्यासाठी:

१. पहिलं वर्ष: बिझनेस ॲक्युमनपासून सुरुवात करा. आपल्याच कंपनीचा वार्षिक अहवाल समजून घेता येईल एवढं अकाउंट्स आणि फायनान्सचं वाचन करा. जोडीला एआयचा एखादा मोफत कोर्स. वर्षाअखेर २० झाले पाहिजेत.

२. दुसरं वर्ष: पॉवर स्किल्स. यावर नुसते व्हिडिओ बघू नका, चॅप्टरच्या एखाद्या कार्यक्रमाला प्रत्यक्ष जा. शिवाय ऑफिसातल्या ज्युनियरना एखादा विषय शिकवा. शिकवायला बसलं की आपल्याला काय येत नाही ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं. हे तास ‘गिव्हिंग बॅक’मध्ये जातात.

३. तिसरं वर्ष: वेज ऑफ वर्किंग. नव्या पीएमबॉकचं वाचन यात बसतं. नोकरीचे ८ नोंदवा, बेरीज तपासा, आणि शेवटची तारीख यायच्या तीन महिने आधीच फी भरून टाका.

कॅलेंडरमध्ये दर महिन्याला १०० मिनिटांचं रिमाइंडर लावलंत तर बरोबर ३६ महिन्यांत ६० तास होतात.

शेवटी निवड आपली. हेच ६० तास मोबाइल म्यूट करूनही भरता येतात आणि डोकं उघडं ठेवूनही. पीएमआयच्या खात्यात दोन्ही सारखेच दिसतील. तुमच्या कामात ते सारखे दिसणार नाहीत. म्हणून आजच तुमच्या खात्यात लॉगिन करा, चक्र कधी संपतंय ती तारीख बघा, आणि उरलेल्या तासांना उरलेल्या महिन्यांनी भागा. जो आकडा येईल, तिथून सुरुवात करा.